मुलांचं कोर्ट सुरू करतेयस तर

अगं, तुझा मेसेज वाचला. शाळेत आठवी-नववीच्या मुलांचं कोर्ट काढायचं म्हणतेस आणि हेडसरांनी होकारही दिला, फार बरं वाटलं.

आधी ते काळे डगले आणि ‘ऑर्डर ऑर्डर’ डोक्यातून काढ. टीव्ही बघून मुलांना वाटतं कोर्ट म्हणजे चोर कोण ते शोधायचं आणि वकिलांनी एकमेकांवर ओरडायचं. आपल्याकडे ज्याने चूक कबूल केलीय त्याचीच केस घ्यायची. कबूल नसेल तर ते तुम्ही शिक्षकांनी बघा, मुलांना चौकशीला लावलंस की चाळीतली भांडणं, दोस्ती-दुश्मनी सगळं आत शिरतं. अमेरिकेतली बरीच टीन कोर्ट, म्हणजे तिथली किशोरवयीन मुलांची कोर्टही अशीच चालतात, मुलाने चूक मान्य केली की पुढे काय करायचं एवढंच तिथे ठरतं.

आणि एक सांगते, मुलं आपल्यापेक्षा कडक असतात. पंच म्हणून बसवलं की उठाबशा, सगळ्यांसमोर माफी, पीटीचा तास बंद, हेच पहिलं सुचतं, कारण त्यांनी तेच पाहिलंय. मारणं आणि मानसिक त्रास दोन्हीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, ते त्यांना स्पष्ट सांग. मग विचारायला शिकव की ज्याला त्रास झाला त्याला काय हवंय. समजा, अडखळत बोलणाऱ्या मुलाची कोणी नक्कल केली. त्याला कदाचित माफी नकोच असेल, नक्कल करणाऱ्याने बाकीच्यांनाही थांबवावं एवढंच हवं असेल, आणि ते पंचांना आपापसात बोलून कधीच सुचणार नाही, त्यालाच विचारावं लागेल, तेही बाजूला घेऊन, वर्गासमोर नाही. यावर सगळ्यात जास्त वेळ घालव.

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या केस बघणाऱ्या आपल्या मुंबईतल्या डोंगरीच्या बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यात एक बाई असावीच लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, समाजसेवा असे पर्याय आहेत. खऱ्या गुन्ह्यातल्या मुलाला जर एवढी संधी मिळते तर बेंचवर नाव कोरणाऱ्याला का नको?

पोलंडमध्ये वॉर्साला यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथाश्रम चालवायचे, १९१२ साली सुरू झालेला. तिथे मुलंच न्यायाधीश, आणि नियमावलीतली पहिली ९९ कलमं आरोप सोडून देण्याची नाहीतर माफीची. ते स्वतःही त्या मुलांपुढे उभे राहिले. तुमच्या शिक्षकांची तशी तयारी आहे का, हे स्टाफरूममध्ये आत्ताच विचारून घे, कारण मुलं ते विचारणारच.

मारहाण, पैसे उकळणं, कोणाचा फोटो फिरवणं, अंगाला हात लावणं यातलं काहीही कोर्टात आणायचं नाही. लैंगिक छळाचा नुसता संशय असला तरी पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे हेडसरांच्या परवानगीचीही वाट बघू नकोस. नावं बाहेर जाता कामा नयेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही.

ज्याने पंचांनी ठरवून दिलेलं काम पूर्ण केलं त्याला पुढच्या केसला पंच म्हणून बसव, ही एक गोष्ट मात्र सोडू नकोस.

सुरुवातीला महिन्याला दोनच केस घे. गणपतीच्या सुट्टीआधी पंचांची तयारी करून घे, शनिवारी सकाळची शिफ्ट सुटली की मला बोलव, मी त्यांच्याशी बोलायला येते.