बासची नेक खाली का जाते?

प्रश्न: दादा, मी कोल्हापूरचा, ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. मागच्या वर्षी एक सेकंडहँड बास घेतली, गिब्सन कंपनीच्या थंडरबर्ड बासच्या शेपची कॉपी आहे, आवाज एकदम भारी पण वजन साडेचार किलो आणि हात सोडला की नेक (लांब दांडा) सरळ जमिनीकडे. गणपती-नवरात्रात तीन-चार तास उभं राहून वाजवायचं म्हणजे डाव्या हातानं नेक उचलून धरावीच लागते, मनगट आणि खांदा दोन्ही दुखायला लागलेत. एक जण म्हणतो बॉडीत शिसं भर, दुसरा म्हणतो विकून टाक. विकायची नाहीये. काय करू?

उत्तर: विकू नकोस, आणि शिसं तर अजिबात एवढ्यात भरू नकोस. आधी एक गोष्ट डोक्यातून काढ की तुझी धरायची पद्धत चुकतीये किंवा खांद्यात जोर नाही. हा सगळा मापांचा खेळ आहे. डावा हात सूर दाबायला आहे, नेक तोलायला नाही, तोलायच्या कामाला लागला की बोटं उशिरा पोचतात आणि तासाभरानं वाजवणंच बिघडतं.

होतं काय बघ. बास स्ट्रॅपच्या (खांद्यावरच्या पट्ट्याच्या) दोन बटणांवर लटकते, एक पुढचं नेककडे, एक बॉडीच्या मागच्या टोकाला, आणि स्ट्रॅप खांद्यावरून सरकू शकतो, त्यामुळे बास आडवी तोलली जाते ती साधारण दोन बटणांच्या मधोमध. बासचा सगळा भार त्या मध्याच्या नेककडच्या बाजूला पडत असेल तर नेक खाली जाणारच. फेंडरनं 1951 मध्ये प्रिसिजन बास काढली तिचं वरचं शिंग (बॉडीचं नेककडे निघालेलं टोक) लांब आहे, पुढचं बटण बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या पट्टीच्या) आसपास येतं, म्हणून ती बऱ्यापैकी तोलात राहते. गिब्सनची थंडरबर्ड 1963 ची, रे डीट्रिक नावाच्या मोटारगाड्यांच्या डिझायनरनं काढलेला आकार, दिसायला काय देखणी आहे, पण स्केल (तारेची वाजणारी लांबी) तेवढीच 34 इंच आणि वरचं शिंग आखूड, शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये पुढचं बटण बॉडीच्या मागच्या (पोटाकडच्या) अंगाला, नेक जिथे जोडलीये तिथे. म्हणजे बटण पाच-सहा फ्रेट मागे गेलं आणि तोलाचा मध्य त्याच्याबरोबर ब्रिजकडे (तारा बॉडीवर जिथे अडकतात तिकडे) सरकला. तुझी कॉपी त्याच मापाची असणार.

आता खर्च करायच्या आधी एक मोजमाप कर. स्ट्रॅप घालून उभा राहा, घरात कुणाला तरी मागच्या टोकाच्या बटणाला प्लॅस्टिकची पिशवी अडकवायला सांग आणि तिच्यात मूठमूठ तांदूळ टाकत जायला सांग, हात सोडल्यावर नेक तुला हवी तिथे थांबली की बस. (नेक अगदी आडवी कशाला पाहिजे, थोडी वर तिरकी असली तर वाजवायलाही बरी पडते.) हे करताना स्टेजवरचा गुळगुळीत शर्ट घाल आणि रोजचाच स्ट्रॅप वापर. मग ते तांदूळ किचनच्या काट्यावर ठेव. जो आकडा येईल ते तुझं दुखणं, ग्रॅममध्ये. बरेच जण हे न करता सरळ पार्ट मागवत बसतात आणि मग पैसे जाऊन फरक काहीच नाही असं होतं.

सगळ्यात स्वस्त इलाज स्ट्रॅप. नायलॉनचा गुळगुळीत पट्टा असेल तर तो आजच काढ, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे ते चमकीचे शर्ट आणि सॅटिनचे ब्लेझर, त्याच्यावर नायलॉन म्हणजे नेकला मोकळं रानच. तीन-साडेतीन इंच रुंद, मऊ चामड्याचा, आतली खरखरीत बाजू खांद्याला लागेल असा पट्टा घे, तू तर कोल्हापुरात आहेस, चामड्याचं काम करणारा कारागीर माप घेऊन शिवून देईल. पण हेही सांगतो की पट्टा फक्त घसरणं थांबवतो, भार होता तिथेच राहतो. तांदूळ शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत आले असतील तर पट्ट्यावर भागेल, त्याहून जास्त असतील तर शर्ट खांद्यावरून ओढला जायला लागतो आणि दोन गाण्यांनी तू पुन्हा नेक धरलेली असतेस.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा इलाज म्हणजे पुढचं बटण हलवणं, आणि तो लोक सगळ्यात कमी करतात कारण ड्रिल लावायला जीव होत नाही. मागच्या अंगाचं बटण काढून वरच्या शिंगाच्या टोकाला, कडेवर लाव. बटण साडेतीन सेंटीमीटर पुढे गेलं तर तोलाचा मध्य त्याच्या निम्मा, पावणेदोन सेंटीमीटर पुढे येतो, आणि साडेचार किलोच्या बासला हे हेडस्टॉकवरून (नेकच्या टोकावरून) 90 ग्रॅम उतरवल्यासारखंच आहे, तेही फुकटात. आधी बटण न लावता शिंगाला दोरी बांधून तोल बघ, पटला तरच भोक पाड. भोक स्क्रूच्या आट्या सोडून जो गाभा असतो तेवढ्याच जाडीचं, ड्रिलच्या पात्याला खोली दाखवायला टेप गुंडाळ, स्क्रूला मेण नाहीतर साबण लाव म्हणजे लाकूड फुटत नाही. जुन्या भोकात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोक. धीर होत नसेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे ने, छोटं काम आहे. मागच्या अंगाचं बटण तिथून निघालं की बास पोटापासून पुढे झुकायचीही थांबते, हा वेगळाच फायदा.

एवढं करून उरलंच तर ट्यूनर, म्हणजे हेडस्टॉकवरच्या सूर लावायच्या खुंट्या. जुन्या धाटणीचे मोठ्या पाकळीचे ट्यूनर नग शंभर ग्रॅमच्या आसपास भरतात, हलके 60 च्या आसपास मिळतात, पण माझ्या आकड्यावर जाऊ नकोस, तुझा एक काढून काट्यावर ठेव. चार मिळून दीडशे ग्रॅम उतरले तर ऐकायला काहीच नाही वाटत ना, पण हेडस्टॉक म्हणजे कावडीची लांब बाजू, तुझ्या बासवर तिथला एक ग्रॅम मागच्या टोकाच्या बटणापाशी चार ग्रॅमला तरी भारी पडतो. म्हणून तांदळाच्या आकड्याला चारानं भाग, तेवढं वजन हेडस्टॉकवरून उतरवायचंय. (प्रिसिजनसारखी असेल तर तिनानं भाग.) मागवायच्या आधी हेडस्टॉकचं भोक मोज, काही 14 मिलिमीटरची असतात काही साडेसतराची, आणि जुन्या स्क्रूची भोकं नव्या ट्यूनरखाली झाकली जातील का तेही बघ.

आता शिशाबद्दल. तोच दीडशे ग्रॅमचा परिणाम मागून मिळवायचा तर सहाशे ग्रॅम शिसं लागेल, म्हणजे तुझी बास पाच किलोच्या वर गेली, मनगट सुटलं पण खांदा गेला. मी ते कुणालाच सांगत नाही. आणि दुखणं आठ-पंधरा दिवसांत कमी झालं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखव, सीझन संपायची वाट बघू नकोस.

प्रश्न: माझी बास पाच किलोची आहे, तोलात आहे, नेक जात नाही, पण खांदा भरून येतो. सुताराकडून बॉडी मागून पोखरून वजन कमी करून घेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर: नका करू. ती तोलात आहे ती त्या जड बॉडीमुळेच आहे, अर्धा किलो लाकूड मागून काढलंत की हेडस्टॉक तेवढाच राहणार आणि नेक खाली जायला लागेल, म्हणजे वरच्या कोल्हापूरकरांचा त्रास तुम्ही पैसे देऊन घ्याल. तुमच्याकडे उलट क्रम लावा. आधी हलके ट्यूनर, मग जड ब्रिज असेल तर साधा वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज, आणि ते दोन्ही मिळून बघा तोल टिकतो का. रुंद पट्टा हवाच. एवढ्यानंही खांदा ऐकत नसेल तर हलकी बास बघायला हरकत नाही. हेडलेस एकदा हातात घेऊन बघा, नेड स्टाइनबर्गरनं 1980 च्या सुमारास ती आणली, ट्यूनर ब्रिजच्या टोकाला नेले, हेडस्टॉकच काढून टाकला, त्यामुळे आकारानं लहान असूनही नेक जागेवर राहते.

प्रश्न: मी घरी बसूनच वाजवते, तरी नेक खाली जाते. स्ट्रॅप तर लावतच नाही. – एक वाचक, फोंडा

उत्तर: मग लावा ना, बसूनही लावायचा. उभं राहिल्यावर बास जिथे असते त्याच उंचीवर बसल्यावर राहील एवढा आखूड करा, म्हणजे भार मांडीवर न येता पट्ट्यावर येतो. पट्टा नकोच असेल तर बास डाव्या मांडीवर घ्या, डाव्या पायाखाली पाट ठेवा, क्लासिकल गिटारवाले बसतात तसं, नेक आपोआप वर राहते. उजव्या मांडीवर ठेवल्यावर बॉडीची खालची खाच पार मागे जाते आणि सगळी नेक अधांतरी राहते, तुमचं तेच होत असणार.