गळा मागे, कान पुढे

प्रश्न : वय ४६. तीन वर्षं गाणं शिकतोय. पहिल्या वर्षी बरं गायचो, आता स्वतःचाच आवाज बेसूर वाटतो. मागे चाललोय का?

उत्तर : पहिल्या वर्षीही बेसूरच होतात, फक्त ते ऐकू येत नव्हतं. (रागावू नका, आमचंही तेच झालं.) कान गळ्याच्या आधी तयार होतो आणि मधले महिने फार वाईट जातात. माझा एक विद्यार्थी यमन राग शिकताना असाच रडकुंडीला आला होता. त्याच्याच फोनमधलं दीड वर्षापूर्वीचं रेकॉर्डिंग लावलं. तीव्र मध्यम (म्हणजे चढा म) पार शुद्ध, म्हणजे साध्या मध्यमाकडे घसरलेला, आणि हे त्यानं मोठ्या हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकलेलं! ऐकून तोच हसत सुटला. तुम्ही तूर्त ताना, म्हणजे जलद स्वरांच्या लडी, बंद ठेवा. दहा मिनिटं तानपुऱ्यावर नुसता षड्ज (सा), मग गंधार ते पंचम (ग ते प) सावकाश ये-जा. रेकॉर्डिंग महिन्यातून एकदाच. रोज ऐकाल तर फरक कळणार नाही, नुसता वैताग येईल.

प्रश्न : वय ५३. पेटीच्या काळी चार पट्टीत गायचे. वर्षभर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, फाटतोय. रियाज वाढवला तर घसा बसतो.

उत्तर : मग वाढवता कशाला? पट्टी उतरवा. रजोनिवृत्तीच्या सुमारास बऱ्याच जणींचा आवाज खाली येतो. पांढरी पाच, नाहीतर काळी तीन घेऊन बघा. मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, एखादी जागा नव्यानं सापडेल. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. हळदीच्या दुधावर भागवू नका.

प्रश्न : गाण्याच्या ‘मध्यमा’ परीक्षेत बंदिशीचा अंतराच आठवेना. नापास झाले. पुन्हा बसू?

उत्तर : बसा. आधी चार शेजारणींसमोर गा. अंतरा विसरला तर न थांबता मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) धरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, याचाही रियाज करावा लागतो.

प्रश्न : क्षयाचं औषध सुरू आहे. डॉक्टरांनी गाणं बंद केलंय. सगळं पुसलं जाईल का?

उत्तर : गायक कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला. १९४८मध्ये ते माळव्यातल्या देवासला राहायला गेले. काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ निकामी. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडत होती. पुढे त्या धुनांतूनच त्यांचे धुनउगम राग आले. आपण कुमार नव्हे, पण कान तर आपल्यालाही आहेत. विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल हातावर मोजा, येणाऱ्या बंदिशींचं नोटेशन वहीत उतरवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. गायची परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी पाचच मिनिटं, तीही मध्य सप्तकात. अख्खा भैरव राग म्हणायचा मोह होईल. तो दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा.