पुण्यात एकच दिवस हातात असेल, तर दर्शन बस घ्यावी की पेठांमधला हेरिटेज वॉक?

वॉक घ्या, आणि तोही सकाळचा. कारण सरळ आहे: जुन्या पुण्यातलं पाहण्यासारखं बरंचसं शनिवारवाड्याभोवती पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. कसबा गणपती, लाल महाल, नाना वाडा, तुळशीबाग, विश्रामबागवाडा. गल्ल्या अशा की मोठी बस आत शिरतच नाही. शिवाय १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे महाल जळाले. उरले तट, दरवाजे आणि जोती. सांगणारा नसेल तर तिथे नुसतं लॉन बघून परत याल. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर का, हे कुणी दाखवलं की मग तो दरवाजा कळतो. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांबही तसेच, बसमधून फक्त दर्शनी भाग दिसतो.

बुकिंगआधी एवढं विचारा:
- गटात माणसं किती? पंधराच्या वर असतील तर रहदारीत मागच्यांना काही ऐकू येत नाही.
- वाड्यांच्या आत नेणार की बाहेरूनच? तिकीट धरून पैसे किती?
- मराठीत सांगणार का?

नारायणराव पेशव्यांच्या भुतावरच अर्धा तास घालवणारे गाईडही भेटतात, ते टाळा.

मात्र सोबत गुडघेदुखीवाले आई-वडील असतील, किंवा आगाखान पॅलेस आणि शिंदे छत्रीही करायची असेल, तर पीएमपीची (शहर बससेवेची) पुणे दर्शन बसच बरी. ही ठिकाणं पेठांपासून लांब आहेत, चालत जमणार नाही.