हील-अँड-टो: ब्रेक आणि रेस एकाच पायाने कसं सांभाळायचं?

मॅन्युअल स्पोर्ट्स कारवर हील-अँड-टो, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाने रेस देऊन गिअर उतरवणं, शिकायचं, तर आधी ब्रेक विसरा आणि नुसती रेस जुळवून गिअर उतरवायला शिका. त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरतं: तिसऱ्यात ३००० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असतील तर दुसऱ्यात साधारण ४००० ते ४५००. तेवढी रेस दिली नाही तर क्लच सोडताच गाडी हिसका देते. हे अंगवळणी पडलं की पाय: उजवा चवडा ब्रेकवर, त्याच पायाची बाहेरची कड कलती करून रेसवर. नावात टाच असली तरी ती बहुतेक गाड्यांत लागतच नाही. रेसला टिचकी देताना ब्रेकचा दाब हलता कामा नये, सगळी मेख इथे आहे. मी स्वतः याच क्रमाने शिकलो. नागपुरात वर्धा रोडच्या सिग्नलवर सराव मात्र वाया, कारण ब्रेकचं पेडल जोरात दाबल्यावरच रेसच्या पातळीला येतं. त्यासाठी बंदिस्त मोकळी जागाच हवी. नागपूरच्याच मिहान औद्योगिक भागाकडचे रस्ते रिकामे दिसतात, पण गुरं कधी आडवी येतील नेम नाही. आणि काही नव्या गाड्या ब्रेक दाबलेला असताना रेस आपोआप तोडतात. तुमची तशी असेल तर हे जमणारच नाही.