सॅक्सोफोन कुलपात ठेवणाऱ्या बँडमास्तरांना

मास्तर, नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलाचे बारावीचे टक्के आहेत, बी.कॉम.च्या दोन वर्षांचे गुण आहेत, डॉल्बी आल्यापासून लगीनसराईच्या सुपाऱ्या कशा निम्म्यावर आल्या त्याचाही हिशेब आहे. मुलाच्या मनात काय आहे यावर मात्र एकच ओळ : ‘त्याला फ्री जॅझ नावाचं खूळ लागलंय, ते तुम्ही डोक्यातून काढा.’ (फ्री जॅझ म्हणजे ठरलेली चाल आणि ठेका सोडून ऐन वेळी सुचेल तसं वाजवायचं जॅझ.) आणि सहीखाली ता.क. म्हणून लिहिलंय, की सॅक्सोफोन कपाटात कुलूप लावून ठेवलाय, बँकेची परीक्षा पास होईपर्यंत मिळणार नाही.

मला काळजी वाटली ती या ता.क.ची. गुणांचं काय, ६१ टक्क्यांवर कुणाचं अडत नाही.

पत्रात एक वाक्य तुम्ही खोडलंय, पण ते वाचता येतं : ‘बँडवाल्याचं पोर बँडवालाच निघालं असं पाव्हण्यांनी म्हणू नये.’ दुखणं इथं आहे. नवरदेवापुढे तासन् तास वाजवायचं आणि शेवटच्या पंगतीलाही कुणी बोलवायचं नाही, हे तुम्ही सोसलंय. तो अपमान खराच आहे. पण त्याची वसुली तुम्ही पोराकडून करताय. त्याला सॅक्सोफोनच्या तोंडाची पट्टी, म्हणजे रीड, ओली कशी करायची, ओठ कसे धरायचे हे शिकवलं कुणी? तुम्हीच ना? मग आता त्याला सूर कळायला लागले तर गुन्हा त्याचा कसा?

तो ज्या अल्बर्ट आयलरच्या रेकॉर्ड रात्री ऐकत बसतो, त्याची गोष्ट तुम्ही ऐकाच. १९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये जन्मलेला हा माणूस सॅक्सोफोन शिकला तो वडिलांकडून. बापलेक चर्चमध्ये जोडीनं वाजवायचे. पुढे तो सैन्यात गेला आणि तिथल्या बँडमध्ये वाजवू लागला. त्याच्या पुढच्या संगीतात मिरवणुकीच्या चाली आहेत, चर्चची भजनं आहेत. त्याच्या ‘घोस्ट्स’ या रचनेची सुरुवातीची चाल तर तुमच्या बँडला एका तालमीत बसेल. मग तो ती चाल फोडतो, किंचाळवतो, रडवतो. तुमचं पोर जे ऐकतंय त्याचं मूळ बँडमध्येच आहे, मास्तर. तुमच्या घरापासून ते फार लांब गेलेलं नाही.

‘कुणीही फुंकावं असला गोंगाट’ असं तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज शिकल्यासवरलेल्यांतही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयलर तरुणपणी जॅझमधला नामांकित सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्यासारखं इतकं हुबेहूब वाजवायचा की गावात त्याला ‘लिटल बर्ड’ म्हणत. ‘बर्ड’ हे पार्करचं टोपणनाव. फ्री जॅझमधला दुसरा मोठा सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन आधी ब्लूजच्या फिरत्या बँडमध्ये नाचणाऱ्यांसाठी वाजवत होता. इंग्लंडचा इव्हान पार्कर गालात हवा साठवून नाकानं श्वास घेतो, त्यामुळे सूर मिनिटंच्या मिनिटं न तुटता चालू राहतो. गारुडी पुंगीवर हेच करतो, सॅक्सोफोनवर ते साधायला वर्षं लागतात. नेहमीपेक्षा वेगळी बोटं धरून, ओठांचा दाब बदलून एकाच वेळी दोन-तीन सूर काढायचे, वाद्याच्या हद्दीपलीकडचा वरचा सूर नेमका पकडायचा, ही सगळी रियाझाची कामं आहेत. ठरलेली चाल आणि ठेका सोडून दिल्यावर वाजवणाऱ्याला आधार उरतो तो फक्त कानाचा. शेजारचा काय वाजवतोय ते क्षणाक्षणाला ऐकावं लागतं. ज्याला साधी चाल सुरात वाजवता येत नाही त्याचं सोंग इथे पाच मिनिटांत उघडं पडतं.

आता पैशाचं. इथे मी तुमच्या बाजूनं आहे, आणि हा भाग मुलाला मोठ्यानं वाचून दाखवा. या संगीतावर पोट भरत नाही. कोलमन लॉस एंजेलिसमध्ये एका दुकानाची लिफ्ट चालवायचा आणि पितळी वाद्य परवडेना म्हणून प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवायचा. १९५९ साली न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात त्यानं खळबळ उडवली. पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला तो २००७ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी. हेच संगीत वाजवणाऱ्या डेव्हिड वेअरनं बरीच वर्षं टॅक्सी चालवली. अँथनी ब्रॅक्स्टन बागेत पैसे लावून बुद्धिबळ खेळायचा. पुढे प्राध्यापक झाला. चार्ल्स गेल न्यूयॉर्कच्या रस्त्यावर राहिला, भुयारी रेल्वेत वाजवत राहिला. आणि आयलर? १९७० मध्ये ईस्ट नदीत त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. या लोकांना थोडाफार आधार दिला तो युरोपातल्या महोत्सवांनी. आपल्याकडे १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ एकत्र आणले. पण निव्वळ फ्री जॅझवर घर चालवणारा माणूस तुमच्या जिल्ह्यात काय, मुंबईतही शोधावा लागेल.

म्हणून पदवी पूर्ण करायची, यात चर्चा नको. नंतर बँकेची परीक्षा द्यायची तर जरूर द्यावी. लिपिकासाठी २८ पर्यंत वय चालतं, घाई कसली? ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांमध्ये सॅक्सोफोनला जॅझचा वेगळा अभ्यासक्रम आहे. त्यातून नोटेशन, म्हणजे सूर लिहिणं-वाचणं, पक्कं होईल. सैन्याच्या बँडची वाट हवी असेल तर त्याचं प्रशिक्षण पचमढीला होतं.

पण माझा खरा सल्ला तुम्हाला आहे. या सीझनला त्याला तुमच्या बँडमध्ये घ्या, इतरांना देता तेवढीच बिदागी द्या. ‘घरचाच आहे’ म्हणून फुकट राबवू नका. वाद्यावर कमावलेला पैसा हातात पडला, की वाजवणं किती कष्टाचं आणि किती स्वस्तातलं आहे ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रात्री त्याला जे वाजवायचं ते वाजवू दे; शेजारी तक्रार करतील तर रानातल्या शेडवर पाठवा. कदाचित चार वर्षांनी तो ते सोडेल. कदाचित बँकेत नोकरी करून आयुष्यभर वाजवेल. दोन्हींत काही बिघडत नाही. बिघडेल ते या कुलपानं, कारण वीस वर्षांच्या मुलाची वस्तू काढून घेतली की तो अभ्यासाला लागत नाही, खोटं बोलायला लागतो.

तेव्हा कपाट उघडा. पावसाळाभर बंद पेटीत राहिला असेल तर भोकं झाकणाऱ्या पॅडना बुरशी धरली असेल. वाजवण्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवा, त्याचा खर्च तुमच्याकडे. आणि पुढच्या वेळी मुलाला माझ्याकडे एकट्याला पाठवा. तुम्ही सोबत नको. तुमच्यासमोर तो बोलणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.