चोकवरच चालणारा फवारणी पंप अन् कॅनमधलं जुनं पेट्रोल

भाऊ, तुमचं वाचलं अन् मागच्या वर्षीचा माझा ऑक्टोबर डोळ्यासमोर आला. टू-स्ट्रोकचा पाठीवरचा पंप पावसाळाभर शेडमध्ये बंद, आता चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवायची दांडी) लावला तर चालते, चोक काढून रेस दिली की मरते, अन् कॅनमध्ये जुलैचं पेट्रोल उरलं आहे त्यात कोणतं अ‍ॅडिटिव्ह टाकू असं तुम्ही विचारून राहिले. आत्ता काहीच टाकू नका. मी मेकॅनिक नाही, कळमेश्वरकडं चार एकर संत्रा आहे अन् राहतो नागपुरात, पण हीच चूक मी केली अन् मला अख्ख्या इंजिनाचे पैसे भरावे लागले.

झालं असं, नवतीवर (कोवळ्या पालवीवर) सायला ही रस शोषणारी कीड दिसायला लागली म्हणून पंप काढला, तर सेम तुमच्यासारखं. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो (नाव घेत नाही), काउंटरवरच्या पोरानं पेट्रोल किती जुनं हेही विचारलं नाही, कार्बोरेटर उघडणं तर दूरच, एक बाटली हातात दिली, हे टाका सगळं साफ होते. मी घरी येऊन कॅनमधल्या त्याच जुन्या पेट्रोलमध्ये ती ओतली, थोडी जास्तच ओतली, टाकी भरली. पंप चालू झाला, दहा-पंधरा मिनिटं चालला, आवाज बारीक होत गेला अन् जाम. दोरी ओढली तर हलायला तयार नाही.

परत त्यांच्याकडंच नेला. पाच आठवडे ठेवून घेतला, फोन केला की "उद्या पाहतो", अन् शेवटी पेट्रोल खराब होतं म्हणून वॉरंटी बसत नाही. अरे बापा, पेट्रोल खराब आहे हे पहिल्याच दिवशी काहून नाही पाहिलं? तोपर्यंत नवतीवरची फवारणी हुकली ती हुकलीच. याचा राग मला अजून आहे.

खरं कारण गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं दाखवलं. माझ्या कॅनमधलं पेट्रोल त्यानं पाण्याच्या पारदर्शक बाटलीत घेतलं, दहा मिनिटं ठेवलं अन् उन्हात धरलं. वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, खाली बोटभर पाण्यासारखा थर, मधे सरळ रेघ. आपल्याकडं पेट्रोलमध्ये इथेनॉल २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल पाणी ओढते, माझ्या कॅनचं झाकण ढिलं, वर पत्रा गळका, अन् पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासंग खाली बसते. टू-टी ऑइल (इंजिन आतून घासू नये म्हणून पेट्रोलमध्ये मिसळतो ते) मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतून पाइप खालून ओढते, म्हणजे इंजिनात जे गेलं त्यात ऑइलच नव्हतं. पिस्टन काढला तर खिळ्यानं ओरखडल्यासारख्या उभ्या रेघा. एकदा थर वेगळे झाले की कोणतंही अ‍ॅडिटिव्ह ते पेट्रोल पहिल्यासारखं करत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असू द्या.

चोकवर चालणं म्हणजे पेट्रोल कमी पोचते, बहुतेक जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चिकटा बसला आहे. तो उघडूनच साफ करावा लागते, कार्ब क्लीनर मारा, जेटमध्ये तार खुपसू नका, भोक मोठं होते. दाबायचा रबरी फुगा असलेलं मॉडेल असेल तर आतला डायफ्राम (पातळ पडदा) कडक झाला का तेही पाहा. अन् पेट्रोलचा पाइप चिकट नाहीतर कडक लागला तर लगेच बदला, त्यात कंजूसी नको.

अ‍ॅडिटिव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं) कामाचा आहे, पण ताज्या पेट्रोलमध्ये, आणलं त्याच दिवशी, बाटलीवरच्या मापानं, अन् मग पाचेक मिनिटं इंजिन चालवायचं म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचते. मी तर आता तेही क्वचितच वापरतो. सीझन संपला की टाकी रिकामी करतो अन् आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, त्याला पैसे लागत नाहीत. ऑक्टेन बूस्टर माझ्या मते या इंजिनांसाठी पैसे वाया. रॉकेल मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ऑइलचं माप मॅन्युअलमध्ये पाहा, १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २०. अंदाजानं बुचभर टाकणं बंद करा.

तुमच्या कंपनीचं मॉडेल वेगळं असू शकते, म्हणून खोलायच्या आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा, पण कार्बोरेटर तुमच्यासमोर उघडायला लावा. ते जुनं पेट्रोल नालीत ओतू नका, गॅरेजवाल्याला विचारून द्या. अन् आज संध्याकाळी, चुलीपासून लांब, कॅनमधलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन पाहा. मधे रेघ दिसली तर टाकीतलंही सगळं काढा, तोवर दोरी ओढू नका.