टेराफॉर्म, ॲन्सिबल, पुलुमी की 'सगळं एकाच पडद्यावर' दाखवणारा प्लॅटफॉर्म: कंपनीने काय घ्यावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: निम्मे सर्व्हर एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचा क्लाउड), काही ॲझ्युरवर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड), उरलेले स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये व्हीएमवेअरवर (एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर). बहुतेक सगळं कन्सोलमध्ये, म्हणजे क्लाउडच्या वेबपेजवर, क्लिक करून उभं केलेलं. आता यादीत टेराफॉर्म, क्लाउडफॉर्मेशन, पुलुमी, ॲन्सिबल आणि एक विकत घ्यायचा क्लाउड मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म आहे, आणि वरच्यांना तुलनेचा तक्ता हवाय.

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: तो तक्ता करू नका. ही पाच नावं एका कामाची नाहीत. तरीही एका तक्त्यात कोंबलीत, तर जवळजवळ प्रत्येक रकान्यात 'होय' येतं आणि शेवटी ज्याचं सादरीकरण चकचकीत तो जिंकतो. यंत्रं, नेटवर्क, डेटाबेस उभं करणं हे एक काम. उभ्या झालेल्या यंत्राच्या आत पॅकेजेस, युझर, सेटिंग लावणं हे दुसरं. आणि कोणी काय मागायचं, मंजुरी कोण देणार, बिल कोणाच्या खात्यावर टाकायचं हे तिसरं. टेराफॉर्म, क्लाउडफॉर्मेशन (ॲमेझॉनचं स्वतःचं साधन), पुलुमी पहिल्यातले: काय उभं करायचं ते त्यांत कोड म्हणून लिहायचं. ॲन्सिबल मुख्यतः दुसऱ्यातलं. विकतचा प्लॅटफॉर्म तिसऱ्यातला. तुम्हाला कदाचित दोन लागतील, किंवा आत्ता एकच पुरेल.

त्यापेक्षा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आपल्याकडे काय काय उभं आहे याची नोंद हे साधन कुठे ठेवतं, आणि त्या नोंदीबाहेर कोणी काही बदललं तर त्याला ते कसं कळतं? बाकीचे फरक या उत्तरातूनच फुटतात.

टेराफॉर्म ही नोंद स्टेट फाइलमध्ये ठेवतं. ती जेसन स्वरूपातली साधी मजकुराची फाइल असते. तुम्ही लिहिलेला कोड, स्टेट फाइल आणि क्लाउडवरची प्रत्यक्ष परिस्थिती या तिन्हींचा ताळा करून ते आधी 'प्लॅन' दाखवतं: हे नवं बनेल, हे बदलेल, हे पाडून पुन्हा बांधावं लागेल. बदल करण्याआधी दोन माणसांनी तो प्लॅन वाचायचा, ही सवय लागली की निम्मे अपघात टळतात. माझ्या मते टेराफॉर्मचा खरा फायदा हाच आहे. 'एकच कोड सगळ्या क्लाउडवर चालतो' हे मात्र खोटं. एडब्ल्यूएसवरच्या यंत्राचा कोड ॲझ्युरवर चालत नाही, दोन्हीकडचे रिसोर्स (यंत्र, डिस्क, नियम अशा एकेक गोष्टी) वेगळे, त्यांचे गुणधर्म वेगळे. सारखी असते ती भाषा आणि कामाची पद्धत. तेही कमी नाही, पण क्लाउड बदलायची वेळ आली तर कोड पुन्हा लिहावाच लागतो.

किंमत म्हणून ती फाइल तुम्हाला सांभाळावी लागते. दोघांनी एकाच वेळी अप्लाय करू नये, म्हणजे बदल प्रत्यक्ष लागू करू नयेत, म्हणून लॉक हवा, जुन्या आवृत्त्या जपायला हव्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेटाबेसचे पासवर्ड वगैरे त्यात बऱ्याचदा उघडे लिहिलेले असतात. म्हणजे ती फाइल ज्या बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणीत) ठेवलीय ती वाचायची परवानगी ज्याला आहे, त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या. टेराफॉर्मपासून फुटून निघालेल्या मुक्त ओपनटोफूने 2024 मध्ये 1.7 आवृत्तीत स्टेट एन्क्रिप्ट करायची सोय दिली. माझ्यासाठी त्याच्या बाजूने झुकायला हे एक कारण पुरेसं होतं.

क्लाउडफॉर्मेशनमध्ये हा त्रास नाही, कारण नोंद ॲमेझॉनच ठेवतं. त्यांच्या स्वतःच्या रिसोर्सेससाठी त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि बदल मध्येच फसला तर ते आपणहून मागे फिरतं. ते मागे फिरणंच अडकलं तर मात्र अख्खा स्टॅक, म्हणजे एकत्र उभारलेल्या रिसोर्सचा गट, लटकतो आणि तो सोडवण्यात दुपार जाते. ड्रिफ्ट, म्हणजे नोंद आणि वास्तव यांतली तफावत, 2018 पासून तपासता येते. पण तपासणी तुम्हीच सुरू करायची, आणि सगळ्या प्रकारचे रिसोर्स तिच्यात येत नाहीत. ॲझ्युरचं असंच स्वतःचं साधन म्हणजे बायसेप, त्याची तऱ्हा तिसरीच. त्यात स्टेट फाइलच नसते, ते थेट क्लाउडशी तुलना करतं. ऐकायला छान. पण नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर कोडमधून काढून टाकलेली गोष्ट क्लाउडवर तशीच राहते आणि तिचं बिल येत राहतं. फक्त एकाच क्लाउडवर असलेल्या कंपनीला मी आजही त्या क्लाउडचंच साधन सुचवेन. तुमचं तसं नाही.

पुलुमीचा गाभा टेराफॉर्मसारखाच: नोंद, प्लॅन, अप्लाय. फरक इतका की कोड पायथन, टाइपस्क्रिप्ट, गो अशा नेहमीच्या भाषांत लिहायचा. ठरवून काही बदललं नाही तर नोंद त्यांच्या सेवेत राहते, हवी तर स्वतःच्या बकेटमध्येही ठेवता येते, आणि गुपित म्हणून नोंदलेल्या गोष्टी त्यात एन्क्रिप्ट होतात. सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळीच इन्फ्रास्ट्रक्चर सांभाळत असतील तर पुलुमी त्यांना पटकन आवडतं. मला भीती वाटते ती हुशारीची: लूप, क्लास, वारसा यांचे थर चढतात आणि रात्री दोन वाजता फायरवॉलचा नियम नेमका कुठून आला हे शोधताना लिहिणाराच हजर नसतो. टेराफॉर्मची भाषा तोकडी आहे, आणि ते तोकडेपण बऱ्याचदा उपयोगी पडतं.

ॲन्सिबल असली कायमची नोंद ठेवतच नाही. ते एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) यंत्रावर जातं, त्या क्षणी काय आहे ते पाहतं, यामल या साध्या मजकूर-स्वरूपात लिहिलेली कामं वरून खाली करतं आणि निघून येतं. यंत्रावर एजंट (कायम चालणारा छोटा प्रोग्राम) बसवावा लागत नाही, म्हणून सुरुवात सोपी. पण प्लेबुकमधून, म्हणजे त्या कामांच्या यादीतून, एक ओळ काढली म्हणून ते पॅकेज यंत्रावरून जात नाही. 'हे नको' असंही वेगळं लिहावं लागतं. म्हणूनच शेकडो क्लाउड रिसोर्स ॲन्सिबलने उभे करणाऱ्या टीमकडे कोणाला आठवत नसलेल्या यंत्रांचा ढीग साठतो. यंत्राच्या आतल्या कामाला मात्र ते झकास आहे, आणि तुमच्या व्हीएमवेअरवरच्या जुन्या सर्व्हरना आजपासून लावता येईल.

ॲन्सिबलच्याच कामाची जुनी साधनं पपेट आणि शेफ आधीपासून नसतील तर आता नव्याने घेऊ नका. क्रॉसप्लेन हे साधन कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणारी प्रणाली) नोंद ठेवून वास्तव सतत त्या नोंदीकडे ओढत राहतं. कल्पना सुंदर आहे, पण कुबरनेटीस चालवायचा सराव असलेली टीम हाताशी असेल तरच.

आता तो विकतचा प्लॅटफॉर्म. त्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. दहा-पंधरा टीम रोज यंत्रं मागत असतील, टेस्टिंगसाठी घेतलेली यंत्रं कोणी परत करत नसेल, फायनान्सला बिलाची फोड हवी असेल, तर मागणीचा कॅटलॉग, मंजुरी, मुदत संपल्यावर आपोआप बंद होणं या गोष्टी स्वतः बांधण्यापेक्षा विकत घेणं शहाणपणाचं. पण यातले बरेच प्लॅटफॉर्म आतून टेराफॉर्म आणि ॲन्सिबलच चालवतात. मग नोंद कुठे राहते? बहुतेक वेळा त्यांच्या डेटाबेसमध्ये. उद्या करार संपवायचा झाला तर कोड आणि स्टेट कोणत्या स्वरूपात हातात मिळेल, हे लेखी घ्या. 'एक्सपोर्टची सोय आहे' एवढ्यावर थांबू नका. एक्सपोर्टमध्ये फक्त एक्सेलची यादी मिळत असेल तर बाहेर पडताना सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल.

हे इतकं ताणून सांगतोय कारण या बाजारात मालक भराभर बदलतात. राइटस्केल हा असाच एक क्लाउड मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म 2018 मध्ये फ्लेक्सेराने घेतला. क्लाउडचा खर्च सांभाळणारं क्लाउडहेल्थ त्याच वर्षी व्हीएमवेअरकडे गेलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अख्खं व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमकडे. त्यानंतर लगेच कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद होऊन फक्त सबस्क्रिप्शन उरलं; तुमच्या डेटा सेंटरच्या नूतनीकरणाच्या कोटेशनमध्ये ते दिसलंच असेल. ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने त्याचं लायसन्स मुक्त एमपीएलवरून जास्त अटींच्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं. स्वतःच्या कंपनीत वापरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, त्यांच्याशी स्पर्धा करणारी सेवा विकणाऱ्याला पडतो. त्यावरून समुदायाने फाटा फोडला, म्हणजे जुन्या मुक्त कोडवरून वेगळी आवृत्ती काढली, तोच ओपनटोफू, आणि तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. पुढे आयबीएमने 6.4 अब्ज डॉलरला हॅशीकॉर्प घ्यायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये व्यवहार पुरा झाला. ॲन्सिबल रेड हॅटमार्फत 2019 पासूनच आयबीएमच्या घरात आहे. म्हणजे 'दोन वेगळ्या कंपन्यांची साधनं घेतली, धोका वाटून टाकला' असं टेराफॉर्म आणि ॲन्सिबलच्या जोडीबद्दल आता म्हणता येत नाही.

पैशाचं एक सांगतो. टेराफॉर्मची होस्ट केलेली सेवा घेणार असाल तर तिचं बिल सांभाळलेल्या रिसोर्सच्या संख्येवर येतं, आणि रिसोर्स म्हणजे यंत्र नव्हे. एका यंत्रामागे डिस्क, सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉल), त्यातले नियम, डीएनएसची (नाव-पत्त्याची) नोंद, रोल (परवानग्यांचा संच) असं बरंच काही मोजलं जातं. सर्व्हरच्या संख्येवरून अंदाज बांधलात तर बजेट चुकेल.

विक्रेत्यांना डेमोला बोलावलंत की त्यांची ठरलेली पटकथा बाजूला ठेवायला सांगा आणि तुमच्याच एका चाचणी खात्यावर तीन गोष्टी करायला लावा. कन्सोलमध्ये जाऊन हाताने फायरवॉलचा एक नियम बदला: प्लॅटफॉर्मला कधी कळतं, कोणाला कळवतो, आपणहून जुनं लावतो की विचारतो? मग अप्लाय चालू असताना मध्येच नेटवर्क तोडा: अर्धवट राहिलेलं काम नोंदीत कसं दिसतं, लॉक कोण सोडवतं? शेवटी, प्लॅटफॉर्म बाजूला ठेवून तेच रिसोर्स साध्या कमांड लाइनवरून चालवून दाखवायला सांगा. तिसऱ्या चाचणीला चेहरे बघा. कॅटलॉगमध्ये आयकॉन किती आहेत यापेक्षा या अर्ध्या तासात जास्त कळतं.

तुमच्या जागी मी असतो तर उभारणीला ओपनटोफू, यंत्राच्या आतल्या कामाला ॲन्सिबल, आणि दोन्हींचा कोड एकाच गिट रिपॉझिटरीत. पुल रिक्वेस्टवर (कोड बदलायच्या प्रस्तावावर) प्लॅन दिसावा म्हणून ॲटलांटिससारखं मुक्त साधन पुरतं. विकतचा प्लॅटफॉर्म निदान वर्षभर पुढे ढकला. इतर टीमच्या मागण्या खरंच तुंबायला लागल्या की घ्या, तोवर आपल्याला नेमकं काय हवंय हेही कळलेलं असेल. टीममध्ये सगळेच डेव्हलपर असतील तर ओपनटोफूच्या जागी पुलुमी, त्याला माझी हरकत नाही.

आणि जे हाताने उभं केलंय ते सगळं एकदम कोडमध्ये आणायला जाऊ नका, त्या कामात लोक दमतात. वारंवार बदलतं तेवढंच आधी आणा: डीएनएस, फायरवॉलचे नियम, लोकांच्या परवानग्या. टेराफॉर्मच्या 1.5 आवृत्तीपासून, म्हणून ओपनटोफूतही, इम्पोर्ट ब्लॉक लिहून असलेल्या रिसोर्सचा कच्चा कोड बनवून घेता येतो. तो कच्चाच असतो, साफ करावा लागतो. प्लॅन 'काहीही बदल नाही' असं म्हणेपर्यंत अप्लाय करू नका, आणि ज्या दिवशी तो तसं म्हणेल त्या दिवशी त्या भागापुरती कन्सोलमधली लिहायची परवानगी सगळ्यांची काढून घ्या, स्वतःचीसुद्धा.